मौजा येनटोला येथील उभ्या केसांबाबत

१९५७ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास, आमच्या विकास गटाचे अधिकारी श्री. गुणवंतराव यांच्या कंगव्यात सतरा केस आले. आदल्या सोमवारी अकरा आले होते. दोन्ही आकडे साहेबांनी डायरीत टिपून ठेवले होते, म्हणूनच मी ते इतक्या खात्रीनं सांगू शकतो. मी त्या कार्यालयात मोठा बाबू होतो. माझं नाव नानाजी.

साहेब मूळचे नागपूरचे, वय एकोणचाळीस. आमच्या झाडीपट्टीत बदली झाल्यापासून त्यांना इथलं पाणी मानवत नव्हतं, भात मानवत नव्हता, आणि आता केसही साथ सोडायला लागले होते. ते वडशाला गेले आणि तिथल्या एका डॉक्टरांना डोकं दाखवलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी सांगितलं, रोज दहा मिनिटं बोटांच्या पेरांनी, नख न लावता, कोमट तेल टाळूला जिरवा. कढत पाणी डोक्यावर घेऊ नका. ओले केस पंच्यानं खसाखसा पुसू नका, ओल्यात कंगवाही घालू नका. दुसऱ्याचा कंगवा वापरू नका. डाळ, पालेभाजी पोटभर खा, वेळेवर झोपा आणि मुख्य म्हणजे काळजी करू नका. एवढं सांगून डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण साहेब परत आले ते डोळ्यांत चमक घेऊन. मला समोर बसवून म्हणाले, "नानाजी, हे एका डोक्याला सांगितलं तर तो सल्ला होतो. पंचवीस हजार डोक्यांना सांगितलं तर योजना होते."

ते दिवसच योजनांचे होते. खताच्या खड्ड्यांची योजना होती, बिनधुराच्या चुलीची होती, लेगहॉर्न कोंबड्यांची होती. केस तेवढे राहून गेले होते. 'केससंवर्धन व टाळूसंरक्षण योजना (प्रायोगिक)' असा प्रस्ताव वर गेला. आरोग्यवाल्यांनी शेरा मारला, केस गळून कुणी मरत नाही, सबब हा रोग नाही. शेतीवाल्यांनी लिहिलं, केस पेरावे लागत नाहीत, सबब हे पीक नाही. शिक्षणवाल्यांनी विचारलं, योजना डोक्याच्या आतल्या बाजूची आहे की बाहेरच्या? उत्तर कळताच त्यांनी अंग काढून घेतलं. शेवटी कुणीतरी विचारी माणसानं शेरा लिहिला: 'जे आपोआप उगवतं आणि विचारल्याशिवाय तोडायचं नसतं, त्याचा या जिल्ह्याला चांगला अनुभव आहे. जंगलाच्या धर्तीवर नियम करून सोमवारपर्यंत सादर करावेत.'

हा कागद माझ्या टेबलावर शनिवारी दुपारी एक वाजता आला. त्या दिवशी वडशाला नाटक होतं आणि मोटार चारला सुटत होती. आदल्याच वर्षी आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो, त्यामुळे जुने नियम गेले होते आणि नवे पोचले नव्हते. कपाटात छापील असं एकच पुस्तक होतं, जंगलाच्या नियमांचं. मी ते उघडलं, लाल शाईची दौत घेतली आणि मान खाली घालून जिथे जिथे 'वृक्ष' होतं तिथे तिथे 'केस' लिहिलं. 'जंगल' होतं तिथे 'डोकं' लिहिलं. पावणेचारला काम झालं. नाटक उत्तम झालं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

पुढचं जे काही झालं त्यात माझा दोष नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. नियम मंजूर झाले, त्यावर सहीशिक्का उमटला, आणि मग ते पाळण्यावाचून कुणालाच गत्यंतर उरलं नाही.

प्रयोगासाठी येनटोला हे गाव निवडण्यात आलं, कारण ते रस्त्यावर होतं. अंमलबजावणीला पोचू नाकेदार उसना मिळाला. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. पोचूनं बावीस वर्षं साग राखला होता आणि राखायचं काय आहे, असा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. त्यानं गावातली सगळी डोकी फिरून पाहिली आणि दाट, विरळ व उजाड अशी वर्गवारी केली. मग प्रत्येकाला नंबर दिला. झाडावर शिक्का मारायचा हातोडा डांबरात बुडवून तो मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला उमटवायचा होता. तोंड खराब दिसू नये म्हणून मागची बाजू, ही माझी सूचना. हातोडा मारायचा नसून टेकवायचा आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी काढण्यात आला. पहिल्या दिवशी चौदा माणसं होऊन गेली होती.

लोक रांगेत उभे राहिले. कुणी तक्रार केली नाही. प्रत्येकाला पुढच्याच्या डोक्यावरचा शिक्का दिसायचा आणि तो त्याला हसायचा. आपल्या मागचा कशाला हसतो आहे, हे बघायला कुणी मान वळवली नाही. आम्हा कार्यालयातल्या लोकांना शिक्क्यातून सूट होती. नियम करणाऱ्याला नियम लागू करायचा तर मग तो करेल कोण?

फाल्गुनात जाळरेषा आली. वणवा पसरू नये म्हणून जंगलात झाडं काढून रिकामा पट्टा राखतात, ती जाळरेषा. नियमाप्रमाणे प्रत्येक डोक्यावर, शिक्का तेवढा सोडून, कपाळापासून मानेपर्यंत दोन बोटं रुंदीचा पट्टा साफ करण्यात आला. डोक्याला आग लागल्याचं उदाहरण गावात नव्हतं, पण ते नसणं हेच योजनेचं यश आहे, असं साहेबांनी मासिक अहवालात लिहिलं.

चराईचा प्रश्न त्याहून नाजूक होता. राखीव क्षेत्रात परवान्याशिवाय जनावरं चरताना आढळली तर कोंडवाड्यात घालायची, असं कलम होतं. बाया दुपारी ओसरीवर एकमेकींच्या उवा काढत बसल्या की पोचू ती जनावरं ताब्यात घेऊन काडेपेटीत कोंडायचा. पण कोंडवाड्यातल्या जनावरांना चारापाणी देणं बंधनकारक होतं. पोचू कर्तव्याला जागणारा माणूस. त्यानं त्यांची सोय स्वतःच्या डोक्यावर केली.

आणि तेल? डॉक्टरांचा मूळ सल्ला आम्ही विसरलो नव्हतो. तो सुंदर अक्षरात पाटीवर लिहून चावडीसमोर लावला होता: पेरांनी तेल जिरवा, काळजी करू नका. फक्त टाळूपर्यंत बोट न्यायचं म्हणजे राखीव क्षेत्रात प्रवेश, आणि त्याला लेखी परवानगी लागायची. अर्ज तीन प्रतींत करायचा, बोटांची संख्या लिहायची, नखं काढल्याचा दाखला जोडायचा. लोकांनी तेल सोडलं आणि काळजी धरली. उन्हाळा संपेपर्यंत येनटोल्यातली अर्धी डोकी दाटमधून विरळमध्ये आली. साहेबांचा कंगवा एकतीसवर गेला. मग त्यांनी डायरी बंद केली आणि ते टोपी घालायला लागले.

गावात केस कापणं अर्थातच बंद होतं. दाढीला मात्र मुभा होती, कारण दाढीची गणना झुडपी जंगलात झाली होती. इसरू म्हाली, म्हणजे गावचा न्हावी, कानाच्या पाळीपर्यंत वस्तरा चालवायचा आणि तिथे हात आखडता घ्यायचा. त्याच्याकडून तसं लिहूनच घेतलं होतं.

आषाढात, धानाची रोवणी तोंडावर आली असताना, येनटोल्याचा लटारू कार्यालयाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. भिजलेला होता.

"बाबूजी, माहा बाप गेला जी."

मी खुर्चीतून उठलो. त्याचा बाप सोमाजी माझ्या ओळखीचा. दर उन्हाळ्यात पळसाच्या पानात बांधून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणून द्यायचा, आणि देताना एकदाही अर्ज काढायचा नाही.

"काल सकाळी गेला," लटारू म्हणाला. "दहाव्याले डोस्कं काढा लागते. इसरू हातच लावून नाई राह्यला. म्हणते, बाबूचा कागद आन."

"मग अजून नऊ दिवस आहेत," मी म्हणालो. "भरपूर झाले." हे मी मनापासून म्हणालो होतो.

"दहावा चुकला तं सुतक फिटत नाई जी. सुतकात बांधीमंधी पाय टाकता येत नाई. पऱ्हे महिन्याचे होऊन राह्यले. आता नाई रोवले तं त्याईची तनसच होते." बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, तनस म्हणजे नुसता पेंढा, आणि पऱ्हे म्हणजे वाफ्यात वाढवलेली धानाची रोपं. महिना उलटला की ती जुनी होतात आणि मग चिखलात लावून उपयोग नसतो. म्हणजे प्रश्न सरळ होता. लटारूच्या डोक्यावरचे केस दहा दिवसांत उतरले नाहीत, तर त्याच्या घरात वर्षभर भात शिजणार नव्हता.

मी त्याला फॉर्म दिला.

तिसऱ्या दिवशी डोक्याचा नकाशा काढायला पोचू गेला. चतुःसीमा लिहायच्या होत्या, म्हणून त्यानं लटारूला उत्तरेकडे तोंड करून दगडावर उभं केलं. पूर्वेस उजवा कान, पश्चिमेस डावा कान, इथवर सुरळीत झालं. तेवढ्यात आतून आईनं हाक मारली आणि लटारूनं वळून 'ओ' दिली. पूर्व पश्चिमेला गेली. पोचूनं कागद फाडला आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. त्यात दोन दिवस गेले, कारण घरात मयत झालेली असताना माणसाला हाका फार येतात.

सहाव्या दिवशी उत्तरेच्या हद्दीवर वाद निघाला. लटारूचं कपाळ गेल्या काही वर्षांत दोन बोटं मागे सरकलं होतं. कपाळ महसुलाकडे होतं आणि केस आमच्याकडे. तेव्हा 'आपल्या कपाळाने राखीव क्षेत्रात अतिक्रमण का केले, याचा खुलासा करावा', अशी नोटीस लटारूला बजावणं भाग पडलं. त्यानं अंगठा उठवून खुलासा दिला, 'माह्या बापाचंबी असंच होतं.' मी त्यावर 'पूर्वापार वहिवाट' असा शेरा मारून अतिक्रमण कायम करून दिलं. नियमात राहून माणसाला मदत करता येते ती एवढीच.

नवव्या दिवशी साहेबांनी हुकूम काढला. साहेब दुष्ट नव्हते. टोपी सावरत मला म्हणाले, "नानाजी, परवानगी नाकारायची नाही. बिचाऱ्याचा बाप गेलाय. मात्र सरसकट तोड देता येणार नाही. कूप पद्धतीनं देऊ." जंगलाचे आठ भाग करून दर वर्षी एकच भाग तोडायचा, त्याला कूप म्हणतात. लटारूच्या डोक्याचे आठ कूप पाडण्यात आले. सन १९५८ साठी कूप क्रमांक एक, उजव्या कानामागचा, मंजूर झाला. शेवटचा, डोक्याच्या मध्यावरचा, १९६५ साली मिळणार होता.

दहाव्या दिवशी सकाळी सगळी मंडळी कार्यालयाच्या वऱ्हांड्यात आली. लटारू, त्याची आई रुखमाबाई, चुलता चैतू, भाऊबंद, आणि काखेत धोकटी दाबून इसरू म्हाली. मी हुकूम वाचून दाखवला. चैतू जातीतला शहाणा माणूस समजला जायचा. त्यानं डोळे मिटून विचार केला.

"आठातला एक भाग काढला तं आठातलं एक भाग सुतक फिटते," तो म्हणाला. "लटारूच्या आठ बांध्या हायेत. एक रोवू द्या त्याले. बाकीच्या पुढच्या साली पाहू."

भाऊबंदांनी माना डोलावल्या. एकानं शंका काढली, की त्या एका बांधीत दोन्ही पाय टाकायचे की एकच? त्यावर दोन तट पडले. कार्यालयातले आम्हीही लक्ष देऊन ऐकत होतो. खरं सांगायचं तर मला चैतूचा हिशेब पटला होता.

रुखमाबाई तोवर खांबाला टेकून बसली होती. ती उठली. "बाबू, एक इचारू का जी?"

"विचारा, बाई."

"माहा मालक आठ वर्सं मरून राह्यला काय? एकाच दिवशी मेला तो. पेज मांगतली, मी आनाले गेली, वापस येतवरी गेला. तुमचा कागद त्याले आठ वर्सं मारून राह्यला."

तिनं इसरूच्या काखेतली धोकटी ओढून घेतली आणि वस्तरा काढला. लटारूला कार्यालयाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "पानी."

साहेब आतून ओरडले, "नानाजी! नोंद घ्या!"

माझी लेखणी टेबलावर होती. माझ्या हातात रांजणातून भरलेला लोटा होता. तो मी कधी भरला हे मला आजही सांगता येत नाही. मी लटारूच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि त्या म्हातारीनं, दोनदा कापत, लेकाचं सगळं डोकं उतरवलं. लटारू लहान पोरासारखा रडत होता. मला माझी लाज वाटली. फार वाटली. कार्यालयीन टिपणीत मी ते लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसऱ्या दिवशी लटारू बांधीत उतरला. चैतूसकट सगळे भाऊबंद रोवणीला गेले, आणि आठही बांध्या रोवून झाल्या.

शासनाचं काम मात्र थांबत नसतं. पोचूनं केस फडक्यात बांधून जप्त केले. डांबरानं चिकटल्यामुळे मागचा पुंजका तसाच अखंड राहिला होता आणि त्यावरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता: 'ये. टो. ४१'. गाठोडं कपाटात गेलं. लटारूचं डोकं 'विनापरवाना तोड झालेले क्षेत्र' ठरलं, आणि केस पूर्ववत वाढेपर्यंत दर सोमवारी येऊन लांबी मोजून देण्याचा हुकूम त्याला मिळाला.

श्रावणात साहेब तीन आठवड्यांच्या रजेवर नागपूरला गेले. त्याच सुमारास कपाटातलं गाठोडं दिसेनासं झालं. पोचूनं विचारल्यावर, 'वरिष्ठांकडे तपासणीसाठी' असं मी लिहून ठेवलं. असं लिहिलं की ते कधीच चुकीचं ठरत नाही.

साहेब परत आले ते एका सोमवारी. टोपी नव्हती. डोक्यावर काळेभोर, दाट, राकट केस होते. आम्ही सगळे उभे राहिलो.

"नियमित सवयी, नानाजी," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. "पेरांनी तेल. काळजी सोडली." आणि भिंतीवरच्या नकाशावर योजनेतलं पुढचं गाव दाखवायला ते वळले. कॉलरच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला, डांबरात नंबर होता: 'ये. टो. ४१'. नागपूरच्या टोप बनवणाऱ्या कारागिराला ती केसांची नैसर्गिक गाठ वाटली असावी. पोचूनं सवयीनं पुढे होऊन तो वाचला, वहीशी ताडून पाहिला आणि 'माल आढळला' अशी खूण केली.

दारात लटारू उभा होता. मोजणीचा दिवस. त्याच्या डोक्यावर गव्हाएवढे खुंट आले होते. त्यानं साहेबांच्या मानेकडे बराच वेळ पाहिलं आणि हात जोडले.

"साहेब, ते केस माह्या बापाच्या दहाव्याचे हायेत जी. माहं सुतक फिटलं. त्या केसाईतलं तुमच्या डोस्क्यावर आलं."

त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. त्याला खरोखर साहेबांची काळजी वाटत होती. शिपायानं साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हळूच मागे घेतला. साहेब पांढरे पडले. कारण नागपूरला त्यांच्या घरी सोवळं कडक होतं, आणि पुढच्याच आठवड्यात मुलीला बघायला पाहुणे येणार होते.

"मग हे फेडायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"डोस्कं काढा लागते जी. बस, तेवढंच."

साहेबांचा हात केसांकडे गेला. पोचू खाकरला. शिक्का असलेल्या केसांना परवान्याशिवाय हात लावणं हा गुन्हा होता, आणि बावीस वर्षांत त्यानं कुणाला सूट दिलेली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खण उघडला, फॉर्म काढला आणि पुढे सरकवला.

"तीन प्रतींत, साहेब. चतुःसीमेसाठी उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं लागेल. १९५८ सालचा कूप उजव्या कानामागचा आहे."

त्या दिवशी मी घरी आलो तो हसतच. बायकोला, चंदाला, सगळं सांगितलं. पायऱ्यांवर बसून पोट धरून हसलो. चंदा तांदूळ निवडत होती. ती हसली नाही.

"तुमच्याबी मांगं हाये जी नंबर," ती म्हणाली. "नाटकाले गेल्ते, त्याच्यानंतरच्या महिन्यापासून हाये. मले वाटलं, तुमाले मालूम असन."

मी मानेवर हात नेला. डांबराचा खडबडीत पुंजका बोटांना लागला. सूट असलेल्या माणसाला शिक्का? शक्यच नव्हतं.

"पोचूनं मारला कधी?" मी विचारलं.

"तुमी काई मान वर करता काय, आफिसात? खाली मुंडी घालून लिवत बसले असान. तवाच मारला असन."

ती पुन्हा तांदळात बघायला लागली. हसणं कुठल्या कुठे गेलं होतं.

ही हकीकत मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे येनटोल्याच्या लोकांना हसले. तुम्हीही मध्येमध्ये हसला असाल. हरकत नाही. फक्त एवढा वेळ तुम्हीसुद्धा मान खाली घालूनच वाचत होता, आणि पोचू अजून निवृत्त झालेला नाही.